आबांचा घास

"हलायचं नाही. पापणी मिटायची नाही. मी हे थोडं खरवडून घेणार आहे."

डोळ्यांच्या डॉक्टर मगदूम मॅडम असं म्हणाल्या आणि पापण्या मिटल्या त्या मी. माझी बायको शालन मात्र त्या यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून मुकाट बसली होती. डोळा बधिर करायचं औषध घातलेलं होतं, तरी बारीक पातं डोळ्याकडं येताना बघून कुणीही मागं सरकलं असतं. ती सरकली नाही.

मॅडमनी खरवडून काढलेलं काचेच्या पट्टीवर पुसलं आणि शालनच्या तोंडापुढं हात धरला.

"किती बोटं?"

"बोटं हायती व्हय ती? मला वाटलं पंखा फिरतोय."

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. काचेची पट्टी घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या.

"बुरशी? भाकरीवर येती ती?"

"तसलीच. बुबुळाच्या पुढं काचेसारखा पडदा असतो, त्याच्यात शिरली आहे. काय लागलं होतं?"

लागली होती द्राक्षाची काडी. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही दोघं तासगावकडच्या बागांतून छाटणीच्या टोळीत कामाला होतो. गड्यानं छाटत पुढं जायचं आणि मागून बाईनं तारेत अडकलेल्या काड्या ओढून काढायच्या. जोडीनं धरलेली ओळ जोडीनंच संपवायची, मधे सोडायची नाही, असा टोळीचा रिवाज. एक काडी तारेला गुंतली, शालननं हिसडा दिला आणि ती सपकन उलटून डोळ्यात आली. पिंपातल्या पाण्यानं डोळा धुऊन तिनं ओळ पुरी केली. संध्याकाळी टोळीतल्या एकीनं आपल्या पोराचे डोळे आले होते तेव्हाची उरलेली बाटली दिली. त्या थेंबांनी लाली गेली, ठणका कमी झाला, आणि आम्ही गुण आला म्हणून परत बागेत.

"त्या थेंबांनी लाली जाते," मॅडम म्हणाल्या, "बुरशीला मात्र ते खत होतं. दुसरा डोळा बघू."

दुसऱ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी देवी आल्या तेव्हाच तो फुटून आकसला होता. शालनचा सगळा संसार एका डोळ्यावर चालला होता. लग्न ठरवायला आमचे आबा गेले, तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. आबा म्हणाले, "एकाच डोळ्यानं बघती, पर नीट बघती. तुमी दोन-दोन घेऊन काय दिवं लावलं?" झालं, लग्न ठरलं. मी तिला चिडवायचो, मी तुला निम्माच दिसतो ते बरं आहे. ती म्हणायची, "हायसाच निम्मे."

मॅडमनी तिला भरती करून घेतलं. औषध म्हणजे दुधासारखी पांढरी बाटली, हलवून दर तासाला एक थेंब, दिवसा आणि रात्रीही. दुसरं एक बाहुली मोठी करायचं. थेंब घालायचं काम सिस्टरनं मला शिकवलं आणि मी ते मन लावून करू लागलो. खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक लागू द्यायचं नाही, थेंब पडला की मिटून ठेवायचं. ते पांढरं औषध डोळ्यात दह्यासारखं साचायचं. शालन म्हणायची, "कढी करा आता." दुखणं मात्र असं होतं की बोलता बोलता ती मधेच कॉटची कड धरायची आणि तिची बोटं पांढरी व्हायची.

मॅडम सकाळी येऊन बॅटरीनं बघायच्या. बुबुळाच्या तळाशी पुवाची एक रेघ साचली होती. ती एक दिवस खाली गेलीसारखी वाटली. मी सगळ्या वॉर्डाला सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी ती आधीपेक्षा वर होती.

"औषध लागू पडत नाही," मॅडम मला बाहेर घेऊन म्हणाल्या. "पडदा विरघळत चाललाय. भोक पडलं तर डोळा गेला. त्याच्या आधी तो काढून दुसऱ्याचा पडदा बसवायला हवा."

"माझा घ्या."

"जिवंत माणसाचा घेत नाहीत. नुकत्याच वारलेल्या माणसाचा लागतो. आमच्या नेत्रपेढीत आत्ता एकही नाही. दिवाळीच्या तोंडावर मयताच्या घरी डोळे मागायला गेलं तर लोक अंगावर येतात. सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळीकडं फोन करून ठेवलेत."

"किती दिवस थांबता येईल?"

"थांबता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण थांबू या."

त्याच दुपारी आई गावाहून डबा घेऊन आली. आल्या आल्या तिनं शालनच्या तोंडावरून हात फिरवला, तिच्या केसांत तेल घातलं, आणि मग मला बाहेर बाकावर बोलावलं.

"निवास, त्येनी तोंडच उघडंनात रं."

आबांना लकवा मारून बरेच दिवस झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान वळायची, डावा हात थोडा उचलायचा, आणि डोळे मात्र सगळीकडं फिरायचे. तेव्हापासून ते एकट्या शालनच्या हातचं जेवायचे. दुधात भाकरी कुस्करून ती बोटांनी त्याचा लगदा करायची आणि घास त्यांच्या ओठांना लावून म्हणायची, "आबा, आ करा." की आबा आ करायचे. आईनं चारलं तर थुंकायचे. मी चारलं तर माझ्याकडं असं बघायचे, की वाडगा खाली ठेवावा लागायचा.

"शालन इकडं आल्यापासनं नुसतं चमच्यानं पाणी. आता तेबी गळ्याखाली जाईना. डाक्टर म्हणला, आता काय खरं न्हाई."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. तेवढ्यात मॅडम वॉर्डातून बाहेर पडल्या आणि आई उठून त्यांच्या आडवी गेली.

"बाई, सुनंला डोळा लागणार म्हनं."

"हो आजी. मिळाला तर बरं होईल."

"म्हाताऱ्या मानसाचा चालतोय का?"

"चालतो की. मोतीबिंदू झालेला असला तरी चालतो."

"आन् लकवा मारलेल्याचा?"

मॅडमनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"कोण आहे असं?"

"न्हाई. आपलं असंच इचारलं," आई म्हणाली आणि डबा आवरायला आत गेली.

आईला एसटीत बसवून येताना मला आशा वाटत होती. बाप जाणार म्हणून पोराला आशा वाटत होती, दुसरं काय म्हणायचं त्याला? आबा नाहीतरी सुटलेच असते, मी मनाशी म्हणत होतो. त्यांचे हाल संपतील आणि शालनला दिसेल. हिशोब अगदी सरळ होता. आई एसटीच्या खिडकीत बसली होती, पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि मलाही तिच्याकडं बघवलं नाही. आबांच्या शिव्या मी शेवटच्या कधी खाल्ल्या ते आठवत चालत आलो आणि दवाखान्याच्या दारात रडलो.

वॉर्डात शालन उशाला टेकून बसली होती.

"आबा जेवत्यात का?"

"जेवतात की."

"कुनाच्या हातनं?"

"आईच्या."

"खोटं." तिनं मान माझ्याकडं वळवली. "आत्तींनी मॅडमना इचारलं ते ऐकलंय मी. डोळा गेलाय माझा, कान न्हाई."

मी बाटली हलवत बसलो. थेंबाची वेळ झाली नव्हती, तरी हलवत बसलो.

"मला उद्या घरला न्या," ती म्हणाली. "एक डाव चारून येती. सांजंला माघारी."

"खुळी का काय? धुरळ्यात, गर्दीत, असला डोळा घेऊन? मॅडम सोडतील?"

"मॅडमना सांगू नगा."

"शालन, डोळा जाईल."

"आन् मी न्हाई गेली तर आबा जातील."

"ते जायचेच आहेत. आज ना उद्या. म्हातारं माणूस आहे." माझा आवाज चढला. "तुझं सगळं आयुष्य पडलंय. उद्या पोरं होतील, त्यांची तोंडं बघायची नाहीत तुला?"

"बघायची हायत की." तिनं माझ्या हातातली बाटली चाचपून धरली. "पर आबा उपाशी मरून मिळालेला डोळा तो. त्यानं पयल्यांदा आत्तींचं मोकळं कपाळच बघायचं का मी? तुमी सांगा, बघू कशी?"

मी तिला खूप बोललो. तुझं डोकं फिरलंय म्हणालो, तुला माझी काळजी नाही म्हणालो. ती भिंतीकडं तोंड करून पडली. रात्रभर थेंबाच्या वेळेला ती निमूट डोळा उघडायची आणि परत मिटायची. सकाळी मॅडमची फेरी झाल्यावर मी तिच्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवली, वरून पदर ओढला, पांढरी बाटली खिशात टाकली आणि तिला धरून मागच्या दारानं बाहेर काढली. सीटवार माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिला खिडकीकडं न बसवता मधे बसवलं. वाटेत एका चहाच्या गाड्यापाशी ड्रायव्हरला थांबायला लावून थेंब घातला. जीपमधली माणसं माना लांब करून बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "बाळंतिणीचं दूध घाला, लगीच गुण येतोय." शालन म्हणाली, "हितं कोन बाळंतीन हाय का बघा की मग." सगळी जीप हसली.

आबा पुढच्या सोप्यात बाजेवर होते. गालफडं बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मला बघून त्यांनी काही केलं नाही. शालनला फक्त सावली दिसत होती. ती बाज चाचपत खाली बसली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, मी आलीया. उपास कशाचा धरलाय? आज एकादशी न्हाई."

आबांनी डोळे उघडले. डावा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. तिनं वाडगा मागून घेतला, भाकरी कुस्करली, दुधात लगदा केला, घास ओठांना लावला.

"आबा, आ करा."

आणि आबांनी आ केला. पहिला घास गिळायला त्यांना फार वेळ लागला. दुसरा लवकर गेला. नंतर तर ते पुढच्या घासाची वाट बघू लागले. वाडगा रिकामा झाला. आई उंबऱ्यावर तोंडाला पदर लावून उभी होती. तिला आनंद झाला होता की आणखी काही, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं माझं धाडसही झालं नाही.

"आता आत्तींच्या हातनं खायाचं," शालननं आबांना दम दिला. "मी बरी हुईस्तवर. न्हाईतर मी परत येनार न्हाई."

येताना जीपमध्ये तिनं एकाएकी माझा हात धरला.

"ओ, दुखायचं ऱ्हायलं."

"काय म्हणतेस?"

"खरंच. गरम पान्यावानी कायतरी आलं गालावर, आन् दुखायचंच थांबलं बगा. इतक्या दिवसांनी."

मला काय वाटलं म्हणून सांगू. आबांचाच आशीर्वाद म्हणालो. पू वाहून गेला असणार, आता औषध लागू पडणार. शेजारच्या माणसानं टाळीसाठी हात पुढं केला, मी त्याला टाळी दिली. दवाखान्यात शिरलो तो हसतच.

मॅडमनी वाटी काढली, बॅटरी मारली आणि लगेच बंद केली. मग त्या स्टुलावर बसल्या.

"कुठं नेली होती?"

मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भोक पडलंय. मोठं आहे. आतलं सगळं बाहेर आलंय."

"पण दुखायचं थांबलंय मॅडम."

"डोळा फुटला की दुखायचं थांबतं," त्या म्हणाल्या.

"घरी नेली नसती तर वाचला असता?"

"सांगता येत नाही. आज फुटला, तो परवा फुटला असता. पडदा मिळाला असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आता डोळ्यातलं सगळं काढून टाकावं लागेल. ठेवलं तर संसर्ग पसरेल."

शालन ऐकत होती. आम्ही दोघंही विसरलो होतो की ती तिथंच बसली आहे.

"काढा," ती म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "ओ, जरा हिकडं या." मी जवळ गेलो. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, मिशी, हनुवटी, आणि मग ती मोठ्यानं रडली. लग्नानंतर तिला तशी रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती घरी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. डोळ्यावर पांढरी पट्टी होती. मधल्या दिवसांत आबा आईच्या हातचे चार-दोन घास घेत होते. शालनचा दम त्यांनी मानला होता. तिचा हात धरून मी तिला सोप्यात आणली, बाजेजवळ बसवलं. आबांनी तिच्याकडं बघितलं. पट्टी बघितली, तिची वाट चाचपणारी बोटं बघितली, मग माझ्याकडं बघितलं. लकव्यानं माणसाचं तोंड जातं, समज जात नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

"आत्ती, वाडगा द्या," शालन म्हणाली.

तिनं भाकरी कुस्करली. लगदा केला. घास उचलला आणि नेहमीच्या अंदाजानं पुढं केला.

"आबा, आ करा."

आबांचं तोंड तिथं नव्हतं. तिचा हात वाऱ्यावर थांबला, थोडा डावीकडं गेला, थोडा उजवीकडं गेला. "आबा? आ करा की. मी हाय न्हवं?" आबा भिंतीकडं बघत होते. मी त्यांची मान हळूच फिरवायला गेलो, तर त्यांनी होती-नव्हती ती ताकद लावून ती परत वळवली. ओठ घट्ट मिटलेले.

हात तसाच वाट बघत होता. मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं बघत होती. मग मी वाकलो आणि तो घास माझ्या तोंडात घेतला.

"हां," शालन म्हणाली. तिनं अंगठ्यानं माझे ओठ पुसले, जसे आबांचे पुसायची. "मंग कशापायी नाटकं करायची?"

आई उठून परसात गेली. मी सगळा वाडगा संपवला. पुढं रोज, दोन्ही वेळेला, मी बाजेच्या कडेला तोंड नेऊन बसायचो. आबा भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि शालन आबांना म्हणून मला गोष्टी सांगत घास भरवायची. टोळीतल्या बायका भेटायला येऊन गेल्या, गाईनं वासरू दिलं, थंडी पडली, असलं काहीबाही. आम्ही आबांना चमच्यानं पाणी पाजायचो. ते पाणी तोंडाच्या कडेनं बाहेर यायचं.

एका दुपारी आबा गेले. जमलेली माणसं म्हणाली, पुण्यवान म्हातारा, शेवटपर्यंत सुनेच्या हातचं खाऊन गेला. मगदूम मॅडमचा फोन नंबर माझ्या खिशात होता. मी आईला बाजूला घेऊन विचारलं. ती आबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"आता कुनासाठी रं?" ती म्हणाली. मी फोन केला नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. शालन चुलीपुढं बसून लसूण सोलत होती. आता ती ते हातानंच चाचपून करायची आणि बरं करायची.

"ओ," ती म्हणाली, "आबांनी शेवटचा घास कवा खाल्ला?"

"आदल्या संध्याकाळी. तूच भरवलास की."

ती सोलत राहिली.

"आबांच्या तोंडात एक तरी दात होता का ओ?"

मी लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"पयल्याच घासाला बोटाला दात लागलं माझ्या. मिशी लागली."

"मग बोलली का नाहीस? रोज वाडगा घेऊन बसत होतीस ती कशाला?"

"बोलून काय झालं असतं? आबा खानार नव्हतं. आन् दवाखान्यात गेल्यापासनं तुमी तरी कुटं पोटभर जेवला हुतासा?" तिनं सोललेल्या पाकळ्या चाचपून वाटीत टाकल्या. "म्हटलं, एकाच्या तरी पोटात जाऊ दे."